मे महिन्यात नॅसची डिस्क ६० डिग्रीला पोचतेय, नागपूर, काय करावं?

संत्रानगरीकर
नमस्कार मंडळी. नागपूरला राहतो, वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब आणि हॉलची भिंत पश्चिमेची. घरी दोन बेचा (दोन डिस्क बसणारा) नॅस आहे, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फायली ठेवायचा डबा, त्यात ४ टीबीच्या दोन नॅस-ग्रेड डिस्क मिरर करून (दोन्हींवर तेच लिहिलं जातं) लावल्यात, साडेतीन वर्षं झाली चोवीस तास चालू आहे आणि कधी त्रास दिला नाही. पण परवा दुपारी अडीचला बीप बीप करायला लागला, ॲपमधे बघतो तर डिस्क १ ला ५७ आणि डिस्क २ ला ६०. हात लावला तर डब्याची वरची बाजू इस्त्रीसारखी. घाबरून बंदच केला. संध्याकाळी सातला चालू केला तर ५१ आणि ५४, पहाटे बघितलं तर ४४ आणि ४७. म्हणजे पंखा फिरून राहिला, आवाजही येतो, तरी दुपारी तापतोच.

नॅस टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात आहे, सोबत सेट टॉप बॉक्स, राउटर आणि छोटा यूपीएस. समोर काचेचं दार आहे, मुलगी लहान असताना बटणं दाबायची म्हणून लावलेलं.

ह्यात फोटो तर आहेतच, पण बाबांच्या भजनी मंडळाच्या ८०-९० कॅसेटी मी दोन वर्षं रोज रात्री बसून डिजिटल केल्या त्या पण ह्यातच आहेत. मंडळातले अर्धे लोक आता नाहीत. कॅसेटींना तर आता बुरशी लागलीय, परत वाजतील असं वाटत नाही. म्हणून जीव वरखाली होऊन राहिला.

प्रश्न असे की, किती तापमानापर्यंत चालतं, दुपारी बंद ठेवणं बरं की वाईट, आणि कूलरची हवा थेट नॅसवर सोडली तर चालेल का? मित्र म्हणतो झाकण काढून समोर टेबल फॅन लाव. एसी फक्त बेडरूमला आहे आणि तो रात्रीच लावतो.


चार_बे_पुणे
आधी एक काम करा, खोलीचं तापमान सोडा, नॅस जिथे हवा ओढतो तिथलं मोजा. त्या दीडदोनशे रुपयांच्या डिजिटल थर्मामीटरची वायर असते ना ती काचेच्या दाराच्या आत नॅसच्या जाळीजवळ ठेवा, दार लावा, तासभर थांबा आणि मग तो आकडा आणि डिस्कचा आकडा एकाच वेळी लिहून घ्या. डिस्कमधून हवेचा आकडा वजा केला की जे उरतं तेच खरं कामाचं, नुसत्या ६० ला काही अर्थ नाही.

का ते सांगतो. पंखा हवा थंड करत नाही, तो फक्त आहे ती हवा डिस्कवरून ओढतो. डिस्क नेहमी आत येणाऱ्या हवेपेक्षा काही डिग्री वरच राहणार, साधारण चांगल्या हवा खेळणाऱ्या दोन बेच्या डब्यात हा फरक १० ते १५ असतो. तेवढाच असेल तर नॅस ठणठणीत आहे, दोष जागेचा. तोच २०-२५ निघाला तर मग पंखा मंदावलाय किंवा जाळी बुजलीय असं समजा.

किती चालतं म्हणाल तर दोन वेगळे आकडे आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. नॅसच्या डब्यावर जे ० ते ४० डिग्री लिहिलेलं असतं, सिनॉलॉजी क्यूनॅप ह्या नॅस बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या घरगुती मॉडेलना बहुतेक तेच आहे, ते आजूबाजूच्या हवेचं आहे. डिस्कच्या डेटाशीटमधे ६०-६५ वगैरे असतं ते डिस्कच्या स्वतःच्या अंगाचं. म्हणजे तुमची डिस्क अजून मर्यादेच्या काठावर आहे पण डबा मात्र दुपारी मर्यादेच्या बाहेर बसलाय हे नक्की. मी स्वतः माझ्याकडे ५० च्या खाली ठेवायचा आग्रह धरतो, ४५ च्या खाली असेल तर बघतसुद्धा नाही.

डिस्क २ तीन डिग्री जास्त दाखवते त्याची चिंता नको, एक डिस्क मदरबोर्डच्या बाजूला असते तिला थोडं जास्त लागतंच.

आणि झाकण अजिबात काढू नका. डब्याची रचनाच अशी असते की मागचा पंखा हवा ओढणार आणि ती पुढच्या फटीतून शिरून दोन डिस्कच्या मधून जाणार. झाकण काढलं की पंख्याला हवा जवळूनच मिळते, डिस्कच्या मधून कोण जातंय मग. टेबल फॅन समोर लावल्याने आकडा थोडा उतरेलही पण वर्षभराची धूळ महिन्यात आत जाईल.


मालवणी_माणूस
पुणेकर दादांचं बरोबर आहे. मी भर घालतो ती धुळीची.

माझा नॅस मालवणला घरी आहे, उन्हाळ्यात तिथे पारा ३४-३५ च्या वर फारसा जात नाही, तरी गेल्या वर्षी डिस्क ५५ दाखवायला लागली. फरक काढला तर २१. पंखा फिरत होता, आरपीएम पण ठीक. मग बंद करून, अडॅप्टर काढून, डबा उलटा करून टॉर्च मारला तर जाळीच्या आतून राखाडी रंगाची सलग चटई, घोंगडीचा तुकडा कापून लावावा तशी. कापसाचे तंतू, मांजराचे केस आणि त्यात खारी हवा, सगळं मिळून जाळीला चिकटून बसलेलं. चिमट्याने धरून ओढलं तर अख्खी एका तुकड्यात निघाली. नंतर दीड इंची रंगाचा ब्रश नवीन आणून पंख्याची पाती एकेक पुसली. तेवढ्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ५५ चे ४६ झाले.

ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो हवेने भलत्याच वेगात फिरतो आणि बेअरिंग जातं. आणि डबा चालू असताना काही करू नका.

आणखी एक, मागच्या खोबणीत मुंग्या बघा. उबदार अंधारी जागा त्यांना आवडते, आमच्याकडे राउटरमधे अंड्यांसकट निघाल्या होत्या.


संत्रानगरीकर
थर्मामीटर आणला. आज दुपारी ३ चे आकडे, खोली ४१, दाराच्या आत नॅसजवळ ४७ (!!), डिस्क ५७ आणि ६०. म्हणजे फरक १० आणि १३ च. पुणेकर दादा तुम्ही म्हणता तसं नॅस बिचारा बरोबरच आहे, मीच त्याला भट्टीत बसवलंय. कप्प्याच्या मागे केबलसाठी फक्त एक गोल भोक आहे, नॅसची गरम हवा बाहेर पडते ती फळीला आपटून परत पुढेच येत असणार. जाळी बघितली, धूळ आहे पण चटई नाही.


जुना_सिसॅडमिन
फरकाचा हिशोब अगदी योग्य. मी भीती थोडी कमी करतो आणि थोडी वाढवतो.

कमी अशी की तापमान म्हणजे लगेच डिस्क मेली असं नसतं. २००७ मधे गूगलने आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात सगळ्यांना वाटायचं तेवढा तापमान आणि बिघाडाचा थेट संबंध निघाला नाही, उलट थंड ठेवलेल्या डिस्कमधे बिघाड जास्त दिसले. २०१४ मधे बॅकब्लेझ ह्या ऑनलाइन बॅकअप कंपनीनेही आपल्या डिस्कचे आकडे काढले, बहुतेक मॉडेलमधे ठळक संबंध नव्हता. पण हे वाचून निर्धास्त होऊ नका, कारण ह्या दोन्हीकडच्या डिस्क वातानुकूलित हॉलमधल्या, बॅकब्लेझच्या तर बहुतेक २०-३० डिग्रीत राहणाऱ्या. ६० डिग्रीबद्दल त्यातून काही कळत नाही. आणि गूगलच्याच अभ्यासात तीन वर्षांच्या पुढच्या डिस्कना जास्त तापमान बाधलेलं दिसतं. तुमच्या साडेतीन वर्षांच्या आहेत, लक्षात घ्या.

म्हणून आज रात्री स्मार्टची माहिती उघडा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नंबरवार नोंद. १९४ नंबरला तापमान असतं ते तुम्हाला माहीत झालंच आहे, मला ५ आणि १९७ चे रॉ आकडे हवेत. ५ म्हणजे खराब निघाल्यामुळे दुसरीकडे हलवलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून निकालाची वाट बघत असलेले. दोन्ही शून्य असतील तर डिस्कने सोसलंय. १९७ शून्याच्या वर गेला आणि वाढत राहिला तर ती डिस्क बदलायची, तापमान कितीही खाली आणलं तरी. ज्यांना कमांड लाईन जमते त्यांनी स्मार्टसीटीएल चालवून बघावं, बऱ्याच डिस्क आयुष्यात सगळ्यात जास्त किती तापल्या तो आकडा स्वतःच लिहून ठेवतात.

आता वाढवतो. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. दोन्ही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच डब्यात, एकाच दुपारी ६० ला तापलेल्या. एक गेली की दुसरी नवीन डिस्कवर सगळं उतरवायला लागते, तेव्हा ती तासन् तास सलग वाचत राहते आणि तेव्हाच ती सगळ्यात जास्त तापते. भजनांच्या फायली आजच एका एक्स्टर्नल डिस्कवर घ्या. ऑडिओच आहे, किती जीबी होणार. आणि ती डिस्क नॅसच्या शेजारी ठेवू नका, दुसऱ्या घरी ठेवा.


विदर्भ_कूलर
भाऊ कूलरची हवा सोड ना बिनधास्त, नागपुरात मे मधे हवेत दमटपणा आहेच कुठे. माझा पीसी सात वर्षं कूलरसमोर आहे काही झालं नाही.


चार_बे_पुणे
@विदर्भ_कूलर खोलीत कूलर चालवणं आणि नॅसवर कूलर सोडणं ह्यात फरक आहे. खोलीसाठी तर मी हो म्हणेन, विदर्भात कोरडी हवा आहे म्हणूनच कूलर चालतो, मोठमोठ्या डेटा सेंटरमधेही पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतात. ४१ ची खोली ३१-३२ ला आली तर डिस्क आपोआप तेवढीच खाली येणार, त्यासाठी झोत अंगावर घ्यायची गरज नाही. पण ताटी नवीन असली किंवा पंप जास्त पाणी सोडत असला की कूलर बारीक तुषार फेकतो, कूलरसमोरच्या भिंतीवर पांढरे डाग पडतात ते बघितले असतील, ते बोअरच्या पाण्यातले क्षार. तेच सर्किटवर बसले तर? पीसी वाचला असेल, पण ज्यांच्याकडे परत न मिळणारी गोष्ट आहे त्यांनी नॅस झोताच्या बाजूला, निदान सहा-सात फूट दूर ठेवावा आणि खिडकी उघडी असावी. पाऊस सुरू झाला की कूलर बंद.


विदर्भ_कूलर
हे क्षारांचं पटलं. आमच्या भिंतीवर आहेत तसे डाग.


मस्कतहून
दुपारी बंद ठेवण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आम्ही दर जुलैत दीड महिना गावी येतो, घर बंद, एसी बंद. पहिल्या वर्षी नॅस चालू ठेवून आलो आणि चौथ्या दिवशी साताऱ्यात आंबे खात असताना फोनवर वॉर्निंग, डिस्क ५९. तिथूनच शटडाऊन केला. तेव्हापासून घर सोडताना पूर्ण बंद करूनच निघतो.

रोज एकदा बंद-चालू करण्याने डिस्कला काही होत नाही. नॅसच्या डिस्क ६ लाख लोड-अनलोड सायकलसाठी (वाचणारं डोकं बाजूला जाऊन परत येणं) बनवलेल्या असतात, दिवसाला एकदा म्हणजे काहीच नाही. वाईट असतं ते दहा दहा मिनिटांनी झोपणं-उठणं, कुठलं तरी ॲप सारखं टोचत असतं आणि डिस्क दिवसातून पन्नास वेळा थांबते आणि फिरते. तेव्हा डिस्क स्लीपची वेळ एकतर बंद ठेवा नाहीतर तासाच्या वर ठेवा. बंद-चालूचं वेळापत्रक सेटिंगमधेच असतं, पॉवर शेड्यूल नावाने. दुपारी १२ ला बंद, ५ ला चालू असं लावून टाका मे संपेपर्यंत. फक्त बटण दाबून धरून किंवा भिंतीवरचा स्विच काढून बंद करू नका कधी.

आणि यूपीएस त्याच कप्प्यात आहे म्हणालात. तो आधी बाहेर काढा. त्यातली लेड ॲसिड बॅटरी २५ डिग्रीला धरून बनवलेली असते, त्याच्या वर दर ८-१० डिग्रीला तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ४७ मधे ती वर्षभरात फुगेल, आणि लाईट जाईल तेव्हा डिस्क लिहिता लिहिता बंद पडेल. तापण्यापेक्षा ते वाईट.


संत्रानगरीकर
@मस्कतहून यूपीएसची बॅटरी मागच्या दिवाळीतच बदलली होती, दुकानदार म्हणाला लोकल माल असाच असतो. आता कळलं का गेली ती.

@जुना_सिसॅडमिन दोन्ही डिस्कचे ५ आणि १९७ शून्य आहेत. रात्री साडेबाराला बघितले, मग झोप लागली.

एक वेगळंच सापडलं. नॅसमधे डेटा स्क्रबिंग (डिस्कवरचं सगळं वाचून तपासणं) दर महिन्याच्या एका शनिवारी दुपारी १ ला लावलेलं निघालं, मीच कधीतरी लावलं असणार. आणि परवा बीप झालं तो शनिवारच होता!! त्यात बायकोच्या फोनचे साडेचार हजार फोटो त्याच आठवड्यात चढले होते आणि चेहरे ओळखायचं काम मागे चालूच होतं. म्हणजे भर उन्हात दोन्ही डिस्कना पळवत होतो.


जुना_सिसॅडमिन
मग तर चित्र पूर्ण झालं. स्क्रबिंगमधे दोन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, ४ टीबीला सात-आठ तास सहज. ते बंद करू नका, गरजेचं आहे, फक्त रात्री १ ला सुरू करा आणि एका रात्रीत होत नसेल तर ठराविक तासांतच चालेल असा पर्याय असतो तो निवडा. लांब स्मार्ट टेस्ट पण रात्री, पण स्क्रबिंगच्या रात्री नको. फोटोंचं इंडेक्सिंग दिवसा थांबवून ठेवता येतं.

पंख्याचा मोड बघा. सिनॉलॉजीत क्वाएट, कूल आणि फुल स्पीड असे असतात, कंट्रोल पॅनेलच्या हार्डवेअरमधे. बाकीच्यांतही तसंच काहीतरी. घरात आवाज नको म्हणून सगळे क्वाएटवर ठेवतात. मार्च ते जून कूल ठेवा. पंखा घासल्यासारखा आवाज करत असेल तर बदला, पण घेताना जुन्याची साईज, जाडी आणि कनेक्टरच्या पिना बघून घ्या, दोन बेला बहुतेक ९२ मिमी असतो. अगदी मंद फिरणारा शांत पंखा टाकलात तर आरपीएम कमी दिसतो आणि नॅस पंखा बिघडला म्हणून बोंब मारतो, असं खूप जणांचं झालंय. फ्रेमवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो बाहेरच्या बाजूला.


मालवणी_माणूस
आणि अडॅप्टर विसरू नका, ती काळी वीट. सोफ्याच्या मागे, गालिच्याखाली दडपलेली असते. तिला पण मोकळं ठेवा, नॅस अचानक रीस्टार्ट व्हायला लागला की अर्ध्या वेळा तीच गेलेली असते.


संत्रानगरीकर
रविवारी सगळं हलवलं. बेडरूममधे उत्तरेच्या भिंतीला, खालच्या उघड्या मांडणीवर, फरशीपासून वीतभर वर. मागे चार बोटं जागा सोडली. हॉलमधून केबल ओढायला इलेक्ट्रिशियनला बोलवावं लागलं, ४०० रुपये घेतले. यूपीएस वेगळ्या कोपऱ्यात. अडॅप्टर भिंतीला टांगला.

आकडे देतो, ज्याला लागतील त्याला. तिन्ही दिवस दुपारी ३ चेच.
सोमवार, खोली ३८, डिस्क ४९ आणि ५२, पंखा क्वाएट.
मंगळवार, खोली ३८, डिस्क ४७ आणि ४९, पंखा कूल.
बुधवार, हॉलचा कूलर चालू आणि मधलं दार उघडं, खोली ३३, डिस्क ४२ आणि ४५.

रात्री एसीत ३६-३७ येतात. बाहेर अजून ४५ आहे. कूल मोडचा आवाज बेडरूममधे कळतो, पण बायको म्हणाली एसीच्या आवाजात जातो, चालेल. दुपारचं बंदचं वेळापत्रक लावलं होतं ते आता काढलं, ज्या दिवशी घरी कोणी नसेल आणि कूलर बंद असेल त्याच दिवशी लावीन.

एक विचारायचं राहिलं, एसी बंद झाल्यावर सकाळी खिडकी उघडली की गार डब्यावर दव धरेल का?


चार_बे_पुणे
चालू असलेल्या नॅसवर नाही धरणार, डिस्क खोलीपेक्षा गरमच असते, दव गार वस्तूवर धरतं. बंद करून एसीत रात्रभर ठेवला आणि पावसाळ्यात सकाळी दमट हवेत लगेच चालू केला तर धरू शकतं, तेव्हा तासभर थांबून चालू करा. ४५ बघून बरं वाटलं.


संत्रानगरीकर
धन्यवाद सगळ्यांना. कॅसेटींचं सगळं मिळून ३१ जीबी निघालं, एका एक्स्टर्नलवर घेतलं आणि काल बहीण आली होती तिच्याबरोबर अमरावतीला पाठवलं. दुसरी कॉपी पेन ड्राईव्हवर मंडळाच्या पेटीवाल्या काकांच्या मुलाला दिली, त्याने तिथेच उभ्या उभ्या पहिलं भजन लावून बघितलं.